पहिला फोन कोणाला केला

ती घटना आठवते एवढंच म्हणून भागत नाही. मी ती विसरायची खटपट केली आणि जमली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना हल्ली मी अडखळतो आणि बायको हसते. ही घटना मात्र जशीच्या तशी आहे. तिच्यात खून नव्हता, चोरी नव्हती. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर फारसं काही घडलंच नव्हतं.

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. जबलपूरच्या एका बाहेरच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्याकडे ठाण्याच्या प्रभारीला टी.आय. म्हणतात. गुडघे दुखायचे, शुगर निघाली होती, आणि सकाळी ठाण्यात शिरताना आजचा दिवस कटकटीविना जावा एवढीच इच्छा असायची. चाळीस वर्षांचा तरुण अधिकारी हे वाचून नाक मुरडेल. मुरडू दे, त्यालाही साठी गाठायची आहे.

कटकट होऊ नये म्हणून प्रत्येक ठाण्यात एक सोय असते, तिचं नाव शांती समिती. सण जवळ आला की हद्दीतल्या सगळ्या समाजांचे पुढारी बोलवायचे, चहा-समोसा द्यायचा, मिरवणूक कुठून जाईल ते ठरवायचं. त्या पुढाऱ्यांची नावं आणि मोबाईल नंबर माझ्या टेबलाच्या काचेखाली असत. त्यातलं पहिलं नाव एका समाजाच्या अध्यक्षांचं होतं. हा समाज तीन पिढ्यांपूर्वी विदर्भातून मजुरीसाठी इकडे आला, आणि रेल्वेलाईनपलीकडच्या एका वस्तीत राहिला. बाहेर हिंदी, घरात मराठी. आमचं घराणं त्याहून जुनं, भोसल्यांच्या चाकरीत आलेलं, आता नेपियर टाउनात. पण ठाण्यात कोणी मराठीत ‘साहेब, तुम्ही तर आपलेच’ म्हटलं की मी विरघळत असे. अध्यक्षांना हे पक्कं ठाऊक होतं.

माणूस कामाचा होता, हेही लिहायला हवं. रक्तदान शिबिर भरवायचे, गरिबांच्या मुलींची सामूहिक लग्नं लावून द्यायचे, दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचे मोफत वर्ग चालवायचे. त्यांच्या वस्तीतलं भांडण सहसा ठाण्यापर्यंत येतच नसे. ते परस्पर मिटवून टाकत आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगत. एका पंधरा ऑगस्टला मीच त्यांना प्रशस्तिपत्र दिलं होतं. कसं मिटवतात, हे मी कधी विचारलं नाही.

एप्रिल महिना होता. सकाळी दहाच्या सुमारास ठाण्याच्या नंबरावर फोन आला. एका बाईचा आवाज होता. त्या वस्तीत अमुक गल्लीत एक म्हातारी कालपासून मरून पडली आहे, घरच्यांनी दार लोटून घेतलंय, येऊन बघा, एवढं बोलून तिने फोन ठेवला. मुन्शीने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, रोजनामच्यात नोंद घेतली आणि मला सांगितलं.

मी गाडी काढायला सांगितली आणि सवयीने काचेखालचा पहिला नंबर लावला.

“अध्यक्षजी, तुमच्या वस्तीत काय भानगड आहे?”

त्यांनी गल्ली विचारली, मी सांगितली. मग म्हणाले, “अच्छा, ते घर होय. साहेब, काय सांगू तुम्हाले. सासू-सुनेचं बिलकुल पटत नव्हतं. सहा-सात महिने झाले, ते घर कोणात मिसळतच नाही. तुम्ही कशाले उन्हात येता, मी पाहून घेतो ना.”

मी येतोच म्हणालो. पण फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात खून शिरला होता आणि खुनी कोण तेही ठरलं होतं.

घर दोन खोल्यांचं. मुलगा पंचेचाळिशीचा, कूलर-पंखे दुरुस्त करणारा. दारात जुन्या कूलरांचे सांगाडे पडले होते. आत म्हातारीला जमिनीवर चादरीत ठेवलं होतं, तोंडात तुळशीचं पान, दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या. बर्फ वितळून उंबऱ्यापर्यंत आला होता आणि सून फडक्याने ते पाणी टिपत होती. आम्हाला पाहून ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, “साहेब, मले फक्त आईले आंघोळ घालू द्या.”

मी नाही म्हणालो. सुनेला घाईने अंग धुवायचं आहे, म्हणजे अंगावर काही असणार. पोलिसाचं डोकं असंच चालतं, आणि त्या दिवशी त्याला चालवणारा दुसराच होता.

खरं म्हणजे बघण्यासारखं सगळं समोर होतं. आमच्या जबलपुरात मयताच्या घरी खुर्च्या येतात, गल्लीत माणसं उभी राहतात, कोणीतरी बांबू तासत बसतो. इथे काही नव्हतं. भर सकाळी गल्लीतली दारं बंद आणि खिडक्यांच्या फटीतून डोळे. संशयास्पद मृत्यूची आमच्याकडे ‘मर्ग’ म्हणून नोंद होते आणि प्रेताच्या पंचनाम्यावर शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. माझे हेडसाहेब, म्हणजे प्रधान आरक्षक, तुमचे हेड कॉन्स्टेबल, रीवाकडचे मुरलेले गृहस्थ. ते दारोदार फिरून घाम पुसत परत आले.

“साहब, एक आदमी दस्तखत को तैयार नहीं। कोई कहता है चश्मा नहीं है, कोई कहता है गाँव जाना है। मुर्दे से ऐसा कौन डरता है?”

शेवटी चौकातला पानवाला आणि एक रिक्षावाला यांच्या सह्या घेतल्या, दोघेही दुसऱ्या समाजाचे. हेडसाहेबांचा प्रश्न बरोबर होता. पण मला उत्तर आधीच मिळालं होतं, म्हणून मी तो ऐकूनही ऐकला नाही. प्रेत पोस्टमॉर्टेमला पाठवलं आणि नवरा-बायकोला ठाण्यात आणलं.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नाही, तिच्या घरीच विचारायचं, असा नियम आहे. तो मी मोडला. महिला आरक्षक सोबत बसवली आणि स्वतःची समजूत घातली. चार तास ती बाई त्या खोलीत होती. मी तिला म्हटलं, तुझं सासूशी पटत नव्हतं. मी म्हटलं, दवापाण्याचा कंटाळा आला असेल. मी म्हटलं, उशी होती ना पलंगावर. ती खाली बघत राहिली. दिलेला चहा तसाच सायीने झाकून गेला. मयत घरात असल्यामुळे आदल्या दिवसापासून तिने काही खाल्लं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मुलाला दुसऱ्या खोलीत घेतलं.

“आई कधी गेली?”

“काल दुपारी. जेवून लेटली अन् उठलीच नाही.”

“मग कालच का नाही नेलं?”

“माणसं नव्हती साहेब.”

“का नव्हती? एवढी मोठी वस्ती आहे.”

 मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसून राहिला. छातीत दुखतंय का, असं मी विचारलं, तर त्याने मान हलवली. असे गप्प आरोपी मी पुष्कळ पाहिले होते. बहुतेक जण संध्याकाळपर्यंत बोलतात, म्हणून मी थांबलो.

दुपारी मेडिकल कॉलेजमधून डॉक्टरांचा फोन आला. वय झालं होतं, हृदय थांबलं, अंगावर खरचटल्याचीसुद्धा खूण नाही. मी फोन ठेवला आणि मला राग आला. हायसं वाटायचं तर राग आला, यावरून माझं त्या दिवशी काय झालं होतं ते समजा. मर्ग बंद करायचा, दोघांना सोडायचं आणि जेवायला घरी जायचं, असं ठरवून मी उठत होतो, तेवढ्यात हेडसाहेब आत आले. “साहब, कुछ महिलाएँ आई हैं। हटने को तैयार नहीं।”

बाहेरच्या बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. पुढे एक साठीच्या आसपासची, ठेंगणी, हातात औषधाच्या दुकानाची कापडी पिशवी. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, त्याच समाजाची, त्याच वस्तीत राहणारी. सगळे तिला सिस्टर म्हणत. ती आठवड्यातून दोनदा आपल्या ओसरीवर बायकांचं बी.पी. बघायची, बाळंतिणींना दवाखान्यात न्यायची, नवऱ्याने मारलं तर पट्टी करून द्यायची आणि वर चार शब्द सुनवायची. माझ्या काचेखाली तिचं नाव नव्हतं. तिच्यामुळे ठाण्यात तक्रारी येत, म्हणून आमच्या बोलण्यात ती ‘वो झगड़ेवाली दीदी’ होती.

“सकाळचा फोन मीच केला होता, पोलीस आले तर लोक बाहेर निघतील म्हणून,” ती म्हणाली. “आता मले सांगा साहेब, तुम्ही पहिला फोन कोणाले केला?”

मी म्हटलं, हा ठाण्याचा विषय आहे.

“कसा ठाण्याचा? तुमच्या गाडीच्या आधी अध्यक्ष गल्लीत उभे होते. मोबाईल हातात धरून सगळ्यांले सांगून राहिले होते की टी.आय. साहेबांनी पहिले मलेच विचारलं. कोणी सही करायची नाही, कोणी बोलायचं नाही. दोन घरं तयार केली होती मी कालपासून, मयताले जायले. तुमचा फोन आला अन् त्यांनीबी दार लावून घेतलं.”

मी तिला आत बसायला सांगितलं. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. समाजातल्या एका मुलीला नवऱ्याने टाकलं होतं. तिने दुसरं लग्न केलं, तेही समाजाच्या सभेला, म्हणजे अध्यक्षांच्या पंचायतीला, न विचारता. सभेने तिला समाजाबाहेर काढलं. तेव्हा या म्हातारीने त्या नव्या जोडप्याला घरी बोलावून पुरण-वरणाचं जेवण घातलं, गल्लीला दिसेल असं, दारातच पंगत मांडून. त्यावर सभेने म्हातारीला हुकूम केला की भर सभेत अध्यक्षांच्या चपला डोक्यावर घेऊन माफी माग. या समाजात तशी जुनी पद्धत होती आणि मोठमोठ्या बाप्यांनी ती निमूट पाळली होती. म्हातारी म्हणाली, माझ्या डोक्यावर मी आजवर पाण्याची घागर घेतली, चप्पल घेणार नाही. तेव्हापासून त्या घराशी कोणी बोलायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही.

“अन् काल ती गेली,” सिस्टर म्हणाली, “तर संध्याकाळी दोघं जण याच्या घरी कागद घेऊन आले. त्याच्या खिशात आहे. तुम्ही दिवसभर काय तपास केला?”

मी मुलाला बोलावलं आणि कागद मागितला. त्याने सिस्टरकडे पाहिलं, मग हळूहळू खिशातून घडी काढली. वहीच्या पानावर नीट अक्षरात लिहिलं होतं की माझ्या आईने समाजाविरुद्ध वागून मोठी चूक केली, तिच्या वतीने मी पाया पडून माफी मागतो, समाजाने आम्हाला पदरात घ्यावं. खाली सहीची जागा रिकामी होती.

“सही केली की खांदे देऊ, असं सांगितलं?”

तो माझ्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाला, “साहेब, पोरीचं लग्न जवळच्या पाटणले ठरलं आहे. तेबी समाजाचेच. अध्यक्षांचं नाव घेतलं तर मोडते. अन् सही करतो म्हटलं तर…” त्याने कागद परत घेऊन घडी घातली. “आई समोर होती ना. समोर ठेवून कसं लिहू, ती चुकली म्हणून?”

म्हणजे तो कालपासून प्रेत लपवून बसला नव्हता. एका बाजूला आई आणि एका बाजूला मुलगी, यांच्या मधे पेन हातात घेऊन बसला होता. आणि मी त्याला विचारत होतो, उशी कुठे आहे.

तेवढ्यात अध्यक्ष आले. पांढरा झब्बा, मागे चार धट्टीकट्टी माणसं. खुर्ची ओढून बसले आणि माझ्याशी मराठीत सुरू झाले. “साहेब, रिपोर्ट चांगला आला म्हणतात. चलो, चांगलंच झालं. बॉडी येऊ द्या, आम्ही आहोत ना. पोरं घेऊनच आलो. कागदबिगद काही नको, सगळं विसरलो. तुम्हीही काही लिहू नका. घरचा मामला आहे, तुम्ही तर आपलेच.”

सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. म्हातारीला खांदे मिळतील, मुलीचं लग्न टिकेल, मी चार वाजता जेवेन. आणखी काय हवं होतं? मी सिस्टरकडे पाहिलं, म्हणजे तिने हो म्हणावं अशा नजरेने पाहिलं.

ती म्हणाली, “जिनं दुसरं लग्न केलं त्या पोरीचं काय? अन् उद्या ज्या घरी कोणी मरेल त्याचं? लिहा साहेब. माझ्या नावानं लिहा. याच्या नावाची गरज नाही.”

अध्यक्ष हसत म्हणाले, “दीदी, तुम्हालेबी याच वस्तीत राहायचं आहे.”

“म्हणूनच तर लिहून राहिली.”

मी मुन्शीला रजिस्टर आणायला सांगितलं. त्यात माझं काही शौर्य नव्हतं. तिच्यासमोर नाही म्हणायची ताकद उरली नव्हती, इतकंच. मुलगा उठला आणि तो माफीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, “हा तुमच्यापाशी ठेवा. माझ्यापाशी राहिला तर मी सही करीन.” अध्यक्षांची माणसं गुपचूप बाहेर गेली आणि त्यांच्या मागोमाग तेही.

प्रेत पाचच्या सुमारास आलं. पोस्टमॉर्टेम झालेलं, गुंडाळून बांधलेलं. सुनेने कापडावरूनच ओल्या हाताने तोंडाच्या जागी हात फिरवला. आंघोळ राहिली ती राहिलीच. पुढे मुलगा, बाकी तिन्ही खांदे बायकांचे. त्यात एक सिस्टरचा. ती ठेंगणी असल्यामुळे तिरडी एका बाजूला कलत होती. गल्लीच्या तोंडाशी शववाहिनी होती, तिथपर्यंत चालत. एक म्हातारा दार उघडून बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला, पण पायरी उतरला नाही. माझी माणसं दोन्ही बाजूंना होती. मी गाडीजवळ उभा होतो. खांदा देण्यासाठी पुढे जावंसं वाटलं आणि वर्दी अंगावर आहे म्हणून गेलो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पुढचं सगळं लवकर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. महाराष्ट्रात समाजाबाहेर टाकण्याविरुद्ध वेगळा कायदा आहे, आमच्याकडे नव्हता. धमकी, दमदाटी अशी कलमं लावली, ती सगळी जामिनाची. साक्षीदार फुटले. माफीचा कागद कोणाच्या अक्षरात आहे हे सिद्ध झालं, पण तो लिहिणारा म्हणाला की मुलाने स्वतःच लिहून मागितला. आरोपी सुटले. पाटणचं लग्न मोडलं. सिस्टरच्या ओसरीवर काही महिने कोणी बी.पी. दाखवायला फिरकलं नाही. मग एक-दोन बायका पाठच्या दाराने येऊ लागल्या, आणि बऱ्याच दिवसांनी पुढच्या दाराने. चपलांची पद्धत मात्र त्या वस्तीत पुन्हा झाली नाही. कोणी बंद केली असं नाही; कोणी हुकूम करायला धजावलं नाही.

मी काचेखालच्या यादीतून अध्यक्षांचं नाव काढलं आणि सिस्टरचं घातलं. आठवड्याभरात वरून फोन आला. नवी नावं जरूर टाका, जुनी काढू नका. तेव्हा मी निवृत्त होईपर्यंत दोघंही बैठकीला येत. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसत आणि मिरवणुकीवर बोलत. सिस्टर मागे बसायची आणि प्रत्येक वेळी त्याच प्रश्नाने सुरुवात करायची की सध्या कोणत्या वस्तीत कोणाचं घर वाळीत आहे. सगळे कंटाळत. मीही कंटाळत असे, खोटं कशाला बोलू. पण उत्तर लिहून घ्यायचो आणि त्या घरी माणूस पाठवायचो, त्यांच्या पुढाऱ्याला फोन न करता.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला विचारतात. एवढंच की आम्ही ठाण्यात बसून ज्याला पुढारी म्हणत होतो, तो भांडण दाबणारा होता, आणि जी समाजाचं खरोखर बघत होती तिला आम्ही भांडखोर म्हणत होतो. मी ते वेळेवर ओळखलं नाही. ज्यांना भोगावं लागलं त्यांनी ते माझ्याआधी ओळखलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा त्या घरी गेलो. मुलगा कूलरच्या कामावर होता, सून एकटी होती. मुलगी सिस्टरच्या ओळखीने नर्सिंगला लागली होती, हे तिने सांगितलं. मी खुर्चीवर अवघडून बसलो आणि म्हटलं, त्या दिवशी माझ्याकडून तुमच्यावर अन्याय झाला. चार तास बसवून ठेवलं. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी तेव्हाच सोडलं असतं.

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “मी बोलणार होती साहेब. तुम्ही विचारायची वाट पाहून राहिली होती. पण तुम्ही काही विचारतच नव्हते. तुम्ही तर मलेच सांगून राहिले होते, मी काय केलं ते.”